घाम न दिसणारा शर्ट

देवाने कुणाला काय भरभरून द्यावं, याचा काही नेम नाही. कुणाला गळा देतो, कुणाला दाट केस देतो. नकलनवीसाला त्याने घाम दिला, आणि देताना हात आखडता घेतला नाही. ज्या हवेत इतर माणसं नुसती हाशहुश करून वर्तमानपत्राने वारा घेत, त्या हवेत याच्या भुवया ठिबकायला लागायच्या. हवा दमट झाली, की मग विचारायलाच नको. सकाळी अंघोळ करून बाहेर आला की अंग पुसेपर्यंत दुसरी अंघोळ सुरू झालेली असायची.

आणि नोकरी मिळाली होती ती नेमकी जुन्या नोंदींच्या दफ्तरखान्यात. लोक अर्ज करत; हा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वह्यांमधून त्यांची नोंद शोधायचा, छापील फॉर्मवर स्वतःच्या हाताने तिची नक्कल उतरवायचा आणि खाली सही करून खिडकीतून द्यायचा. वरच्या मजल्यावर वह्या संगणकावर चढवायचं काम चालू होतं, पण ते अलीकडच्या तीस वर्षांतच रुतून बसलं होतं. त्यामागचं सगळं अजून कागदावर, आणि कागद याच्या हाती.

खोली जमिनीत अर्धी गेलेली. खिडक्या होत्या, पण धूळ येऊ नये म्हणून कायमच्या बंद. छताला पंखा होता, पण त्याचं बटण काढून टाकलेलं, कारण वाऱ्याने जुनी पानं उडायची आणि कडेने तुटायची. त्या वह्या लिहिल्या होत्या जांभळ्या शाईने. या शाईची गंमत अशी, की तिला कितीही वर्षं लोटली तरी ती काही पक्की होत नाही. पाण्याचा थेंब पडायचा अवकाश, काल लिहिल्यासारखी पसरते.

अशा खोलीत असा माणूस चौदा वर्षं बसला होता, आणि त्याने एक थेंब पडू दिला नव्हता.

दाराजवळ खुंटीला एक लांबट वही टांगलेली असायची. तिला सगळे खराबीची वही म्हणत. कुठल्या जुन्या वहीला काही इजा झाली, तर त्याच दिवशी त्यात लिहायचं, आणि कुणामुळे झाली तेही लिहायचं. त्या वहीत ज्याचं नाव लागलं, त्याच्या हाती पुन्हा जुनी वही देत नसत. याच्या आधीचे दोघं तसेच वरच्या मजल्यावर गेले होते, एक चहा सांडून आणि एक शिंकून. याचं नाव नव्हतं. या एका गोष्टीचा त्याला मनातल्या मनात फार अभिमान होता. कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण जाता-येता खुंटीकडे एक नजर टाकायचा.

हे साधलं होतं ते कपड्यांमुळे. कपड्यांचा त्याने जेवढा अभ्यास केला होता, तेवढा शाळेत केला असता तर आज दफ्तरखान्याच्या प्रमुख बाईंच्या खुर्चीत बसला असता. आकाशी आणि राखाडी हे रंग घामाचे चुगलखोर. काखेत रुपयाएवढा ओलावा आला की ते सगळ्या गावाला सांगत सुटतात. पांढरा बरा. गडद निळा त्याहून बरा, पण त्याच्यावर घाम वाळला की पाठभर मिठाचे नकाशे उमटतात. त्या नकाशांवरूनच आवक-जावकच्या कारकुनाने त्याचं नाव 'मिठागर' पाडलं होतं. "काय मिठागर, आज पीक कसं?" असं तो रोज जिन्यात विचारायचा, आणि रोज स्वतःच हसायचा.

नकलनवीस पुरा सुती शर्ट घालायचा. मापापेक्षा एक नंबर मोठा, आणि शक्यतो जुना, कारण नवं सुती कापड पाणी प्यायला शिकलेलं नसतं. वीस-पंचवीस धुण्यांनंतर त्याला ती अक्कल येते. आत बाह्यांचं सुती बनियन. आणि कितीही उकाडा असो, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. लोक म्हणत, अहो, अर्ध्या बाहीचा घाला की! त्यांना काय सांगणार? त्याच्या लेखी ती बाही नव्हतीच, तो टिपकागद होता. मनगटांवर बायकोने जुन्या टॉवेलच्या पट्ट्या शिवून दिल्या होत्या, त्या बांधायचा. एवढं करूनही एखादा थेंब निसटलाच, तर डाव्या हाताची बाही आपोआप खाली यायची आणि थेंबाला वरच्या वर पिऊन टाकायची. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नसे. हाताला डोळे फुटल्यासारखं ते व्हायचं.

त्या वर्षी मात्र दमट दिवस आले ते मुक्कामालाच आले. ऊन नाही, वारा नाही. नुसती ओली, गरम हवा अंगाला चिकटून बसलेली. दिवसाला तीन शर्ट लागत: जाताना एक, दुपारी बदलायला एक, घरी आल्यावर एक. धुतलेलं वाळेना. घरात माणसं दोन आणि शर्ट बारा. ते दाराला, खुर्च्यांना, कपाटाच्या कडीला, पडद्याच्या दांडीला लटकलेले असायचे. रात्रीच्या जेवणाला बसलं की बाह्या डोक्याला लागत. घरभर ओलसर, कोंदट वास. बायकोच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पाण्याने पांढरी पडून सोलायला लागली होती. ती काही बोलायची नाही. हेच त्याला जास्त लागायचं.

बोलली ती तिची धाकटी बहीण. ती कपड्यांच्या दुकानात कामाला होती आणि एका रविवारी सहज म्हणून आली होती. दोन शर्ट बाजूला सारून तिने बसायला जागा केली.

"ताई, हे घर आहे की धोबीघाट गं?"

"बस गप. चहा घे."

"भाऊजी, मी काय म्हणते, रोज शर्ट वाळत घालण्यापेक्षा तुम्हालाच दोरीवर घातलं तर? एकदाच काय ते काम होईल."

"घाला की," नकलनवीस म्हणाला. "चिमटे तेवढे मोठे आणा."

ती हसली, आणि मग तिने बहिणीचा हात धरून बोटं बघितली. हसायची थांबली.

"हे काय करून घेतलंस? भाऊजी, उद्या कामावरून सुटलात की दुकानात या. आमच्याकडे नवा माल आलाय. घाम दिसत नाही असा शर्ट. पिळायचा, झटकायचा, अर्ध्या तासात वाळतो. एकच घेतलात तरी चालेल. ताईचे हात तरी वाचतील."

तो गेला. दुकानात गारवा सोडलेला होता, त्यामुळे दारातून आत पाऊल टाकताच त्याला निम्मं पटलं. मेहुणीने शर्ट काढून काचेवर पसरला. गडद हिरवा, त्यावर बारीक काळे ठिपके. हात लावला तर गुळगुळीत, मासळीच्या पोटासारखा.

"आता बघा हं," म्हणून तिने पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून एक थेंब कापडावर सोडला. थेंब मोत्यासारखा बसला. तिने कापड तिरकं केलं, तसा तो घरंगळत गेला आणि काचेवर पडला. कापड कोरडं.

"धरतच नाही पाणी!" नकलनवीस म्हणाला.

"तेच तर! रंग बदलत नाही, डाग पडत नाही, मीठ दिसत नाही. आत बनियन मात्र घालू नका, मग सगळी मजाच जाते. आणि त्या मनगटाच्या पट्ट्या काढून ठेवा बाई. बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही हात मोडलेत."

तो काचेवरच्या थेंबाकडे बघत होता. इतकी वर्षं पाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस. कापड धरत नाही तर ते पाणी जाणार कुठे, हे त्याला सुचायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर जिना होता, आणि जिन्यात कारकुनाचं बंद तोंड.

शर्ट दोन दिवस पिशवीतच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो बाहेर काढला.

बायको सकाळची प्रार्थना पुरी झाल्याशिवाय कुणाशी बोलत नसे. लग्न झाल्यापासूनचा तिचा तो नेम होता, आणि कसलंही अडलं तरी तिने तो मोडलेला नव्हता. त्या दिवशीही ती डोळे मिटून बसली होती. खुर्चीच्या पाठीवर तिने त्याचा जुना पांढरा सुती शर्ट ठेवला होता. पुरता वाळला नव्हता म्हणून पहाटे उठून इस्त्री फिरवून फिरवून वाळवलेला. हात लावला तर अजून ऊब होती. वर पट्ट्यांची घडी.

त्याने हिरवा शर्ट अंगात घातला. आरशाकडे पाठ करून, मान वळवून पाहिलं. पाठ आधीच ओली झाली होती, पण दिसत नव्हती. इतकी नीटनेटकी पाठ त्याने आयुष्यात बघितली नव्हती.

बायकोने डोळे उघडले. तिने खुर्चीवरच्या शर्टाकडे बोट केलं.

"आजचा दिवस," तो म्हणाला. "बघू तर कसा वाटतो."

तिने बोट खाली घेतलं नाही. मग पट्ट्यांकडे केलं.

"अगं, आज एकच नोंद आहे. ती मावशी येणार आहे, खुर्च्या विणणारी. तेवढं झालं की बसूनच आहे."

ती ओठ मिटून बघत राहिली. प्रार्थना अजून बाकी होती. तो डबा उचलून निघाला.

जिन्यात कारकून भेटला. त्याने सवयीने तोंड उघडलं, याच्या पाठीकडे बघितलं, पुढून बघितलं, आणि म्हणाला, "मिठागर बंद पडलं की काय?" आणि खरंच दुसरं काही न सुचून निघून गेला. नकलनवीस दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला. चौदा वर्षांत तो पहिल्यांदाच त्या खोलीत शीळ घालत शिरला असेल.

तासाभरात शीळ बंद झाली. शर्टाच्या आत काय चाललं होतं ते बाहेरून कळायचं नाही, पण आत त्याला जणू बरणीत घालून झाकण लावलं होतं. हवा आत जात नव्हती, पाणी बाहेर येत नव्हतं. गळ्याशी बटण काचत होतं. मानेवरून निघालेली धार पाठीच्या पन्हळीतून खाली उतरताना मुंगीसारखी कळत होती. काखेतून निघालेली बाहीच्या आतून कोपराकडे जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग पुढे. हात जरा उचलला की कापड चिकटायचं आणि सोडवताना त्याचा चपचप आवाज यायचा. आत काही घातलेलं नव्हतं, त्यामुळे शर्ट काढून बसायचीही सोय नव्हती. दुपारी बदलायचा शर्ट त्याने आणलाच नव्हता. याला कशाला बदलायचं?

अकरा वाजता खुर्च्या विणणारी मावशी खिडकीशी आली. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई. आयुष्यभर वेत ओढून तिचे अंगठे चपटे झाले होते. ती बालकाश्रमात वाढली होती. तान्ही असताना तिला तिथे कुणी ठेवलं, हे तिला कधी कळलं नव्हतं. आश्रम बंद पडला, त्याच्या वह्या इथे येऊन पडल्या, आणि हे तिला परवा-परवा कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिचा हा चौथा खेटा. वह्या लावलेल्या नव्हत्या. नकलनवीसाने आठ दिवस गठ्ठे उपसून काल संध्याकाळी तिच्या सालाची वही शोधून काढली होती. वेळ संपली म्हणून पान उघडलं नव्हतं. उद्या या म्हणून निरोप धाडला होता.

"सापडली म्हणे?"

"सापडली, मावशी. बसा. नोंद क्रमांक आहे ना तुमच्याकडे?"

"दोनशे बारा." आश्रमाने दिलेली चिठ्ठी न बघता तिने सांगितलं. "साहेब, बाकी काही नको. आईचं नाव लिहिलंय का, तेवढं बघा. नसेल तर नाही म्हणून सांगा. मी ऐकायला तयार होऊन आलेय."

"बघतो हं."

त्याने आतल्या टेबलावर वहीला गुंडाळलेलं फडकं सोडून ती उघडली. पानं सुकल्या पानासारखी कुरकुरत होती. हात जोडल्यासारखं करून त्याने एक क्षण डोळे मिटले, हे तो नेहमी करायचा, आणि दोनशे बारावर आला. ओळ डावीकडून उजवीकडे जात होती. क्रमांक. तारीख. मुलगी. वय अंदाजे चार महिने. पुढचा रकाना 'आईचे नाव'. वर-खाली सगळ्या ओळींत तिथे 'माहीत नाही, माहीत नाही' असं लिहिलेलं. या ओळीत तसं नव्हतं. तीन शब्द होते, सावकाश, नीट अक्षरात लिहिलेले. त्याचं काळीज आनंदाने उडालं. तो वाचायला खाली वाकला, आणि वाकताना त्याने उजवा हात पानाच्या वरच्या कडेवर ठेवला.

कोपराशी साचलेलं सगळं पाणी बाहीच्या आतून घसरत मनगटाशी आलं. तिथे पट्टी नव्हती. पहिला थेंब तीन शब्दांच्या मधोमध पडला.

डावा हात आपोआप खाली आला. चौदा वर्षं जे केलं तेच त्याने केलं: बाही थेंबावर टेकवली. पण ही बाही पिणारी नव्हती. ती थेंबावरून घसरली, थेंबाला पुढे ढकलत घेऊन गेली, आणि तिच्यातलं पाणीही वर ओतून आली. डोळ्यांदेखत तीन शब्दांचं एक जांभळं तळं झालं. त्याने दुसऱ्यांदा हात नेला नाही. नेण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

 त्याच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला, तेव्हा तो चटका बसल्यासारखा मागे सरला.

"आहे का हो?" खिडकीतून आवाज आला.

 त्याला खिडकी दिसत होती, दार दिसत होतं, खुंटी दिसत होती. कुठेही जाता येत नव्हतं. टेबलाच्या खणात एक शिक्का असायचा. 'मजकूर जीर्ण, वाचता येत नाही.' दिवसाआड तो वापरला जायचा. वाळवी असायची, ओल असायची, उंदीर असायचे. लोक तो बघत, उसासा टाकत आणि जात. कुणी भांडत नसे. जुन्या कागदाशी कोण भांडणार? आणि ही तर ऐकायला तयार होऊन आली होती.

त्याने छापील फॉर्म ओढला. पुरता हात लांब करून, अंग दूर ठेवून क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि आईच्या नावाच्या रकान्यावर शिक्का मारला. पुढे काय आहे ते वाचलंही नाही. फॉर्म घेऊन खिडकीशी आला.

"मावशी, नोंद आहे. पण तेवढाच भाग खराब झालाय. जुनी ओल."

तिने फॉर्म घेतला. शिक्क्यावरून चपटा अंगठा फिरवला.

"म्हणजे नाव होतं?"

"होतं असं वाटतं."

"होतं." ती खाली बघून म्हणाली. फॉर्म तिने फळीवर ठेवला. मग म्हणाली, "मला बघू द्याल का? वाचायला नको. नुसतं बघते."

वही खिडकीकडे न्यायची नाही, असा नियम होता. नाही म्हणायला तेवढा पुरेसा होता. पण त्या बाईला एकाच सकाळी दोनदा नाही म्हणणं त्याच्याने झालं नाही. त्याने वही दोन्ही हातांवर आडवी धरली, अंगापासून दूर, आणि खिडकीच्या फळीवर ठेवली.

ती वाकली. माणूस झोपलेल्या लेकराकडे बघतो तसं तिने त्या डागाकडे बघितलं. आणि त्याने थांबा म्हणायच्या आत तिने उजव्या हाताचं पहिलं बोट अलगद त्यावर टेकवलं.

बोट उचललं, तेव्हा ते जांभळं झालं होतं.

तिने बोट डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने जरासं चाचपलं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

नकलनवीसाच्या तोंडाला कोरड पडली होती. साऱ्या अंगात तेवढी एकच जागा कोरडी असेल. तिने बोटाकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे. बाहीच्या कडेला एक थेंब लोंबत होता, आणि तो जांभळट होता.

"मी केलं, मावशी," तो म्हणाला. "आत्ता. माझा घाम पडला, आणि मी पुसायला गेलो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"काय नाव होतं?"

"वाचलं नाही. नजर तिथवर पोचली आणि..."

"पहिलं अक्षर?"

"नाही."

"खोटं सांगू नका हो. आता तरी."

"देवाशपथ नाही वाचलं. तीन शब्द होते एवढंच बघितलं."

"तीन." तिने मान हलवली. "म्हणजे पुरं नाव सांगितलं तिनं. चोरून नाही ठेवलं मला." मग एकदम तिचा आवाज चिरकला. "बासष्ट वर्षं टिकलं होतं हो ते! बासष्ट वर्षं! कुणाचा पायगुण म्हणायचा, तुमचा का माझा?"

आवाज ऐकून शिपाई दारात आला. नकलनवीस मान खाली घालून उभा होता. शर्ट त्याच्या अंगाला दुसऱ्या कातडीसारखा चिकटला होता, आणि त्यातून बाहेर यायला वाट नव्हती.

"पुढे काय लिहिलंय?" म्हातारीनेच विचारलं. "का तेही गेलं?"

त्याने हात पाठीशी बांधले, मान लांब केली आणि लांबूनच वाचलं. पुढचे दोन रकाने कोरडे होते.

"अंगावरचे कपडे. पातळ सुती झबलं एक, जुनं, धुतलेलं." तो थांबला. "शेरा. आणणारी बाई हीच आई. रडत होती. वारंवार सांगून गेली की पोरीला घाम फार येतो, जाड काही घालू नये."

 म्हातारीने डाव्या हाताने कपाळ पुसलं, मानेवरून हात फिरवला आणि ओल्या तळव्याकडे बघितलं.

"अजून येतो," ती म्हणाली.

मग ती फळीवर कोपर टेकून उभी राहिली. "हे सगळं लिहून द्या. जसंच्या तसं. तो शिक्का नको मला."

लिहायचं म्हणजे पुन्हा वहीवर वाकायचं. त्याने शिपायाला हाक मारली आणि वहीचं फडकं तीन तुकड्यांत फाडून दोन तुकडे मनगटांवर बांधायला सांगितलं. तिसरा तुकडा कपाळाला. शिपाई बांधता बांधता डागाकडे बघत होता.

"साहेब, जीर्ण म्हणा ना," तो पुटपुटला. "मावशी काय वर सांगायला जाणारेत? काय हो मावशी?"

"मी कुठं जाते," म्हातारी म्हणाली. "त्यांचं ते बघतील."

नकलनवीसाने नवा फॉर्म घेतला. क्रमांक, तारीख, मुलगी, वय. आईच्या नावाच्या रकान्याशी लेखणी अडली. रकाना बोटभर लांबीचा. त्यात एक नाव मावावं एवढीच सोय. त्याने बारीक अक्षरात लिहिलं: 'तीन शब्दांत स्पष्ट लिहिलेले होते. आज माझ्या घामाने व बाहीने पुसले गेले.' ओळ रकान्याबाहेर जाऊन समासात उतरली. मग कपडे, मग शेरा, शब्दाला शब्द. खाली सही.

शिपायाने खांद्यावरून वाचलं. "झालं," तो म्हणाला. "हे वर गेलं की तुम्ही पण गेलात."

"हो," नकलनवीस म्हणाला.

म्हातारीने नक्कल डाव्या हातात घेतली. उजवं बोट तिने तसंच हवेत धरलं होतं, कशाला लागू नये असं. दोनदा वाचली. ओठ हलवत, 'जाड काही घालू नये' इथपर्यंत आली की पुन्हा वर जायची. घडी घालायला एक हात पुरेना, तर शिपाई पुढे झाला.

"आणा इकडं. आणि बोट धुवायचं असेल तर नळ त्या टोकाला आहे. साबण पण आहे."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने नळाकडे केलेला हात खाली घेतला. घडी त्याने घालून दिली. ती छातीशी धरून म्हातारी बाहेरच्या दाराकडे गेली आणि खांद्याने दार रेटू लागली. दमट हवेने फुगून दार चौकटीत घट्ट बसलं होतं. एका हातात कागद, दुसऱ्या हाताचं बोट वर. ती तशीच रेटत राहिली.

नकलनवीस धावत बाहेर आला. पाय लावून त्याने दार लोटलं आणि धरून उभा राहिला. बाहेरची हवा आतल्याहून गार नव्हती. म्हातारी त्याच्या बगलेखालून निघाली. क्षणभर थांबली, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तीन शब्द नक्की होते ना?"

"नक्की, मावशी."

"बरं." आणि ती बोट सांभाळत पायऱ्या चढून गेली.

तो आत आला, तेव्हा खिडकीशी दुसरा एक माणूस अर्ज घेऊन उभा होता. "साहेब, माझी नोंद कधी मिळेल?"

"माझ्याकडे नाही आता," नकलनवीस म्हणाला. "उद्यापासून दुसरं कुणी असेल. त्यांना विचारा." आणि खराबीची वही उतरवायला त्याने खुंटीकडे हात वर केला.